तीन फितींची वर्दी

आमच्या यांनी नोकरीत जेवढ्या वर्द्या घातल्या, तेवढ्या एकाच माणसाच्या हातच्या. बीडच्या बाजारपेठेतून आत शिरणाऱ्या एका बोळात त्या माणसाचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन मशीनी, एक कापायचं टेबल, कोळशाची जड इस्त्री आणि भिंतीला ओळीनं टांगलेली खाकी. निम्म्या पोलीस लाईनीच्या पोटाचा घेर त्यांना तोंडपाठ होता. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाला साखरेचा आजार लागला, हे डॉक्टरच्या आधी त्यांच्या टेपला कळायचं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मीही मास्तरच म्हणायचे आणि ते मला भाभी.

मास्तरांचा एक नेम होता. शर्ट असो, सफारी असो, शिवून झालं की ते स्वतःच्या अंगात घालून आरशासमोर उभे राहायचे आणि खांदा बसला का बघायचे. वर्दी मात्र कधी अंगाला लावली नाही. ती लाकडी हँगरला अडकवायची, लांब उभं राहायचं आणि एक डोळा मिटून बघायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याची वर्दी अंगात घालायची न्हाई भाभी. लहानपणी माझ्या वालिदनं शिकवलंय. कापड आपलं, शिवण आपली, पण तिच्यातला हुकूम आपला न्हाई."

मी हसले होते. घरात उंदीर निघाला तर आधी मला हाक मारणारा माझा नवरा, त्याच्या वर्दीत कसला आलाय हुकूम! माझी जीभ जरा लांबच आहे, लाईनीत सगळ्यांना माहीत आहे. त्या जिभेचीच ही गोष्ट आहे आणि ती सांगताना मला कुठेही बरं वाटणार नाही.

पोलिसाला संप करता येत नाही. गुरुजी करतात, एसटीवाले करतात, तलाठी करतात. पोलिसानं तो शब्द नुसता तोंडातून काढला तरी नोकरीवर गदा येते. त्या वर्षी बंदोबस्तावर बंदोबस्त चालले होते. मोर्चा झाला की सभा, सभा झाली की उरूस, उरूस झाला की पुढाऱ्याचा दौरा. आमच्या समोरच्या दारातला पोरगा, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, तापानं फणफणलेला असताना रजा मागायला गेला. साहेब म्हणाले, बंदोबस्त झाल्यावर बघू. तिसऱ्या दिवशी भर उन्हात चौकात उभा असताना तो पडला तो पडलाच. घरी आणला तेव्हा शिटीची दोरी त्याच्या खांद्याला तशीच होती. त्याची बायको रडली नाही. दारात बसून समोरून जाणाऱ्या प्रत्येक पोलिसाला ती विचारायची, "तुमची ड्युटी कवा सुटती?"

तो गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बायकांनी लाईनीचं गेट लावून घेतलं. नवऱ्यांना संप करता येत नाही ना, मग बायकाच त्यांना ड्युटीवर जाऊ देणार नाहीत. कल्पना कुणाची म्हणाल, तर माझी. कुलूपही माझंच, लग्नात आलेल्या लोखंडी पेटीचं, मुठीएवढं. बाहेरून साखळी गुंडाळली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि गेटसमोर सतरंजी टाकून बसलो. मागण्या दोनच. आठवड्याला एक सुट्टी आणि त्या पोराच्या बायकोला नोकरी. तेही साहेबांच्या सहीनं, लेखी. रात्रपाळी करून घरी आलेले तसेच आत अडकले. शहरात उरले ते वरचे साहेब लोक, चार-दोन हवालदार आणि होमगार्डची पोरं.

आता एक गोष्ट कबूल करते. लाईनीची मागची भिंत पडकी होती. पोरं रोज तिच्यावरून शाळेत जायची. ज्याला जायचं होतं त्याला माझं कुलूप आडवं येत नव्हतं. पण एकाही गड्यानं त्या भिंतीकडं बघितलं नाही. बनियनवर ओट्यावर बसले, पत्ते कुटले, कित्येक वर्षांनी दुपारची झोप काढली. साहेबांचा फोन आला की म्हणायचे, काय करणार सर, बायकांनी कोंडलंय.

पहिला दिवस गमतीत गेला. स्टँडसमोर रिक्षावाल्यांनी रस्त्यातच ठाण मांडलं. एका गाडीवर चार-चार पोरं ओरडत फिरली. वाळूचे ट्रॅक्टर दिवसाढवळ्या, झाकायला ताडपत्रीसुद्धा न घेता गेले. भाजी घेऊन येणारी मावशी आमच्याजवळ टेकली आणि म्हणाली, "पोलीस न्हाईत तं लई निवांत हाय बाई. कुणी फुकट कोथिंबीर मागंना." आम्ही हसलो. दोघीचौघींनी मान खाली घातली, त्यांत मीही होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं डोकं फुटलं. रिक्षा मोटारसायकलला घासली, एवढंच कारण. असली भांडणं बीडमध्ये रोज होतात. दोघं एकमेकांची कॉलर धरतात, आयमाय काढतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पोलीस कुठून येतोय ते बघत राहतात. तो आला की दोघांचीही सुटका होते. त्या दिवशी तो आला नाही. कॉलर सोडायची कशी, हे दोघांनाही कळेना. शेवटी एकानं रिक्षातून पाना काढला.

तिथून पुढं ज्याचं ज्याला मारायचं राहिलं होतं त्यानं त्याला मारून घेतलं. कुणाचा प्लॉटचा बांध होता, कुणाची नांदायला न गेलेली बहीण होती, कुणी ग्रामपंचायतीला पडला होता. ट्रॅक्टरला हूक लावून दारूच्या दुकानाचं शटर उपटलं. मग ज्यांचं कुणाशी काही नव्हतं तेही बाहेर पडले. एसटीवर दगड पडले. बिंदुसरा नदीच्या पुलावर एका माणसाला कठड्याला धरून चपलांनी मारत होते आणि पुलावरची वाहनं एका बाजूनं सावकाश, वळसा घालून जात होती, असं दूधवाल्यानं सांगितलं. तो माणूस कोण आणि त्यानं काय केलं होतं, ते दूधवाल्याला माहीत नव्हतं. मारणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही नसावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर दोन होमगार्ड लोकांच्या हाती लागले. त्यांचे शर्ट फाडले, एकाचा पट्टा त्याच्याच गळ्यात अडकवून त्याला रस्त्यावर ओढलं. हे मला माहीत नव्हतं, असं मी पुढं कित्येकांना सांगितलं. खोटं सांगितलं. कानावर आलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. माझं सगळं डोकं साहेबांच्या चिठ्ठीत होतं. मजकूर टाईप झाला होता, सही तेवढी राहिली होती. अर्धा तास, असा निरोप आला होता. समोरच्या दारातली ती पोरगी माझ्या मांडीला टेकून बसली होती.

तेवढ्यात फोन वाजला. अकराचा सुमार असेल.

"भाभी, मास्तर बोलायलो. बोळाच्या तोंडाला लोक आलेत. भांड्याचं दुकान फोडायलेत. मागून रस्ता न्हाई मला. दोन माणसं पाठवता का?"

"शटर ओढून आत बसा की मास्तर."

"शटर अर्ध्यावर अडकलंय. वर बी जाईना अन् खाली बी येईना."

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. दोन माणसांसाठी गेट उघडलं तर दोनशे बाहेर पडतील, दोनशे बाहेर पडले की ती सही कसली होतेय! तीन दिवस उन्हात बसलेल्या बायकांच्या तोंडाला पानं पुसली जातील. मला मास्तरांचा राग आला. खरंच आला. आत्ताच कसा फोन करायचा होता या माणसाला, असं वाटलं.

"यांची वर्दी तयार हाय का?" मी विचारलं. यांची हवालदारकीची ऑर्डर निघायची होती. म्हणून तीन फितींची नवी वर्दी महिनाभर आधीच टाकली होती मी. यांना नव्हती तेवढी मला घाई.

"तयार हाय. कालच फिती लावल्या. हँगरला हाय."

"मग ती घाला अन् दारात उभे राहा. तुमची अन् यांची उंची एकच हाय. खाकी बघून पळतेत सगळे."

बायका खो खो हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती पोरगीही हसली. मास्तरांनी हसणं संपू दिलं. मग म्हणाले, "मी घालू भाभी?"

"तुमीच घाला. दुसरं कोण हाय तिथं? धा मिनिटं उभे राहा, तवर पाठवते कुणीतरी."

आणि मी फोन ठेवला. ती थट्टा होती की सल्ला, हे मला आजही धड सांगता येत नाही. पण थट्टा असती, तर माझ्या आवाजात तेवढी जरब आली नसती. मास्तर जन्मभर त्या आवाजाला भ्याले होते. पोलिसानं काढावा किंवा त्याच्या बायकोनं, त्यांना फरक पडत नव्हता.

आमचे हे गेटच्या आत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "काय सांगितलंस त्यांला?"

"काय न्हाई, वर्दी घाला म्हणलं."

त्यांचा चेहराच उतरला. "येडी हायेस का? तीन दिस झाले लोक खाकी हुडकायलेत. सकाळी होमगार्डचं काय केलं ऐकलं न्हाईस? काढ कुलूप. काढ म्हणलं ना!"

मी मास्तरांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. हे गज धरून गदागदा हलवत होते. मी त्या पोरीकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं आणि पळत सुटले. कुलूप उघडून यांना सोबत घेणं दोन सेकंदांचं काम होतं. मी ते केलं नाही. सहीही हवी होती आणि मास्तरही हवे होते मला. मी एकटी जाऊन त्यांना घेऊन येते, पोलिसाच्या बायकोला कोण हात लावतंय, असं मनात होतं. किल्ली कमरेलाच होती.

लाईनीपासून बाजार दहा मिनिटांच्या अंतरावर. रस्त्यात एक रिक्षा आडवी पडून जळत होती आणि तिच्या टायरांच्या काळ्या धुरानं घसा खवखवत होता. औषधांच्या दुकानासमोर तिघंजण एकाला साखळीनं मारत होते. खाली पडलेला माणूस ओरडत नव्हता. साखळी पडली की फक्त त्याचा पाय उडायचा. पुढच्या वळणावर आमच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि काखेत मिक्सरचं नवं कोरं खोकं. माझ्याकडं बघून ओशाळले नाहीत. "काय वहिनी, इकडं कुठं? सांभाळून जा, वातावरण खराब आहे," म्हणाले.

बोळात शिरले तर चाळीसेक माणसं होती. भांड्याच्या दुकानातले हंडे, पराती रस्त्यावर. आणि पायरीवर मास्तर.

वर्दी अंगावर काय बसली होती! खांद्याला खांदा, बाहीची घडी सरळ, दंडावर तीन फिती, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी, दोन्ही दुकानात विकायला ठेवलेली. छातीवर यांच्या नावाची पट्टी. खाली इस्त्रीची पँट, आणि पँटीखाली निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. टेलरचं काम घोट्यापाशी संपतं. त्यापुढं काय घालायचं असतं, हे मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेजारी केळीचा गाडा लावणाऱ्या बागवानानं मला नंतर सांगितलं, की आधी लोक खरंच मागं सरले होते. खाकी दिसल्याबरोबर पंधरा-वीस पावलं गेले. दोघांनी तर हातातले हंडे टाकले. म्हणजे माझा सल्ला दोनचार मिनिटं चालला. मग कुणाची तरी नजर खाली गेली आणि तो ओरडला, "चप्पल हाय बे पायात! टेलर हाय ह्यो!"

मी पोचले तेव्हा हसणं चाललं होतं. "सलाम मार बे, हवालदार." मास्तरांनी हात उचलला. पण त्यांना पोलिसी सलाम येत नव्हता. त्यांनी तळहात खोलगट करून कपाळाला लावला, आदाब करतात तसा. लोक आणखी हसले. "पुन्यांदा मार." त्यांनी पुन्हा तसंच केलं. एकानं त्यांची टोपी उडवली. दुसऱ्यानं परात उचलून तिची कड त्यांच्या कानाखाली मारली. मास्तर मशीनीवर पडले आणि मशीनीसकट खाली आले.

मी बोंबलत घुसले. "अरे तो पोलीस न्हाई! टेलर हाय! तुमच्या शाळेचे कपडे शिवलेत त्यानी!"

समोर एक माणूस होता, पस्तिशीचा, नीट दाढी कोरलेला. त्यानं शांतपणे माझ्याकडं वळून बघितलं. "माहिती हाय बाई. म्हणून तं मारायलोय. खरा असता तं उद्या आमाला सोडलं असतं का?"

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. ते वाक्य मी अजून विसरले नाही. खरा पोलीस उद्या परत येणार होता, लाठी घेऊन येणार होता. हा येणार नव्हता. वर्षानुवर्षं खाल्लेल्या दंडुक्यांचा, भरलेल्या चिरीमिरीचा, ठाण्यातल्या बाकावर काढलेल्या दिवसांचा हिशेब असा बिनधोक चुकता करायची संधी पुन्हा कधी मिळणार होती त्यांना?

मग त्यांनी मास्तरांना उचलून कापायच्या टेबलाशी आणलं. उजवा हात टेबलावर आडवा धरला. कोळशाची इस्त्री विझलेली होती, पण दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी जड. ती दोनदा खाली आली. पहिल्या वेळी मास्तर ओरडले. दुसऱ्या वेळी त्यांचं तोंड उघडं राहिलं, आवाज निघाला नाही. मी मध्ये पडले तशी कुणीतरी माझा अंबाडा धरून मागं खेचलं आणि कानफाटात दिली. मी त्याच्या हातून सुटून मास्तरांच्या अंगावर पालथी पडले. मग पाठीत लाथा बसल्या. किती, ते आठवत नाही. कमरेची किल्ली मात्र मांसात रुतत होती, ते प्रत्येक लाथेला कळत होतं.

आम्हाला कुणी वाचवलं नाही. बोळाच्या तोंडाला कुणीतरी ओरडलं, "गोडाऊन फुटलं, चला!" आणि सगळे तिकडं पळाले. एवढंच. एक कळशी पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेली आणि बोळ रिकामा झाला.

बागवानानं गाड्यावरचे केळीचे घड रस्त्यावर उतरवले आणि आम्ही मास्तरांना गाड्यावर घातलं. तो ढकलत होता, मी डोकं धरून चालत होते. उजवा हात छातीवर ठेवला होता, पण त्याला हात म्हणावं असं काही राहिलं नव्हतं. मास्तर डाव्या हातानं गळ्यापाशी चाचपडत होते. मला वाटलं, श्वास लागतोय. मी कान जवळ नेला.

"बटनं काढा भाभी," ते म्हणाले. "साहेबांची हाय. रक्त लागायलंय."

मी रस्त्यातच रडायला लागले. पोलिसाची बायको असून, तीन दिवस शहर कोंडून धरणारी मी, भोकाड पसरून रडले.

त्यांना दवाखान्यात टाकून गेटवर परत आले, तर गुलाल उडत होता. सही होऊन चिठ्ठी आली होती. बायका माझ्यावरच चिडल्या होत्या. "किल्ली घिऊन कुठं गेलतीस? तासभर झाला वाट बघायलोत." मग माझ्या साडीवरचं रक्त बघून बाजूला सरल्या. मी कुलूप उघडलं. कुलपाला, साखळीला, सगळीकडं रक्ताचे हात लागले. हे बाहेर आले आणि मला काही न विचारता दवाखान्याच्या दिशेनं पळाले.

बाकीचे दोनशे गडी लाठ्या घेऊन बाहेर पडले. तीन दिवस पत्ते कुटलेल्या माणसांच्या अंगात एवढा त्वेष कुठून आला, देव जाणे. दिवस मावळायच्या आत शहर शांत झालं. पण ते कसं झालं, हे पाठीला वळ उठलेल्यांना विचारा. मारणारे केव्हाच घरी जाऊन हातपाय धुऊन बसले होते. जो रस्त्यावर सापडला त्याला झोडपलं. मास्तरांना पोचवून रिकामा गाडा घेऊन परत निघालेला तो बागवानही सापडला. "मी दवाखान्यातून यायलोय," असं तो सांगत होता. त्याच्या गुडघ्यावर बसलेल्या काठीनं तो अजून लंगडत चालतो.

त्या दिवशी घरी आल्यावर आमचं भांडण झालं. "किल्ली घिऊन गेलीस तू," हे म्हणाले. "उघडलं असतंस तं मी पोचलो असतो."

"अन् मागची भिंत?" मी विचारलं.

त्यांनी वाढलेलं ताट बाजूला सारलं. त्या भिंतीचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

त्या पोरीला नोकरी मिळाली. आठवड्याची सुट्टी चार महिने मिळाली, मग पुन्हा बंदोबस्त लागले. आज ती पोरगी कचेरीत टेबलावर बसते, तिला बघितलं की बरं वाटतं. म्हणून ते कुलूप घातलं ही चूक होती, असं मी म्हणत नाही. चूक कुठली, ते मला पक्कं ठाऊक आहे.

आठ दिवसांनी कळलं, की त्या बोळातल्या दंगलीची फिर्याद अज्ञात इसमांविरुद्ध झाली. आणि एक गुन्हा ज्ञात इसमावर दाखल झाला. पोलीस नसताना पोलिसाची वर्दी घातल्याबद्दल, मास्तरांवर. कुणीतरी मोबाईलवर काढलेला तो सलामाचा व्हिडिओ गावभर फिरला होता आणि वरचे साहेब खवळले होते. वर्दी मुद्देमाल म्हणून जप्त झाली. छातीवर यांचं नाव होतं, त्यामुळं यांनाही बोलावणं आलं. वर्दी शिवायला दिली होती, एवढंच यांनी सांगितलं. ती घालायला कुणी सांगितलं, हे बाहेर आलं असतं तर हवालदारकी गेलीच असती, वर चौकशी लागली असती.

मी दवाखान्यात गेले. मास्तरांची तीन बोटं काढली होती, उरलेली दोन वळत नव्हती. मी म्हणाले, "मास्तर, मी जबाब देते. मीच सांगितलं म्हणून सांगते."

ते छताकडं बघत होते. "नका सांगू भाभी. त्या तीन फिती मी लावल्यात. माझ्या हातची शेवटची शिवण हाय ती. उसवू नका."

मी अजून एकदा म्हणायला हवं होतं. माणूस नको म्हणाला की दुसऱ्यांदा विचारावं, एवढी रीत तर चहाच्या कपालाही असते. मी विचारलं नाही. घरी येऊन देवापुढं दिवा लावला आणि सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना आज माझीच मला लाज वाटते. महिन्याभरात यांची ऑर्डर निघाली. तीन फितींची दुसरी वर्दी तयार कपड्यांच्या दुकानातून आणली. ती खांद्यात कायम ढगळ राहिली.

त्यानंतर मी त्या बोळात पाऊल टाकलं नाही. भाजीला गेले तरी वळसा घालून जायचे. मास्तरांचा पुतण्या दुकान बघतो, मास्तर खुर्चीवर बसून त्याला कापायला सांगतात, एवढं कानावर यायचं. खटल्याच्या तारखा पडतात, हेही यायचं. दरवेळी ठरवायचे, पुढच्या तारखेला जाऊन सांगून टाकू. पुढच्या तारखेला यांची बदली तोंडावर असायची, नाहीतर पोरीचं लग्न.

मागच्या वर्षी हे निवृत्त झाले. पेन्शन मंजूर झाल्याचा कागद हातात आला आणि माझ्या अंगात खरं बोलायचं धाडस आलं. हसू येतं ना? मलाही आलं. पेढे घेतले आणि इतक्या वर्षांनी बोळात गेले. मास्तर खुर्चीवरच होते. दाढी पांढरी झालेली, उजवा हात मांडीवर, बाहीच्या आत. भिंतीवर खाकी एकही नव्हती, शाळेचे युनिफॉर्म होते. "या भाभी," म्हणाले, जणू काल भेटलो होतो. चहा सांगितला.

"मास्तर, आता कुणाचं काही बिघडत न्हाई," मी म्हणाले. "पुढच्या तारखेला मी येते. वर्दी घालायला मी सांगितलं, असं जजसाहेबांना सांगते."

"कसली तारीख?" ते म्हणाले. "ते तं मिटलं की. दोन वर्षं झाली. तारखेला जाऊन जाऊन कटाळा आलता. मीच कबूल करून टाकलं. दंड भरला, अन् कोर्ट उठंस्तोवर बाकावर बसायची शिक्षा दिली. सकाळपासून बसलो, साडेपाचला सुटलो."

एकटेच बसला होता का, असं काहीतरी मी विचारलं.

"न्हाई. साहेब आलते की. साध्या कपड्यात. सकाळपासून माझ्यापाशी बाकावर बसले. डबा बी त्यांचाच खाल्ला दोघांनी. तुमी सांगितलं नव्हतं का त्यांला यायला?"

डबा मीच भरून दिला होता. दोन माणसांचा भरून दे, एवढंच हे म्हणाले होते, आणि कुणासाठी हे मी विचारलं नव्हतं. हे दोन वर्षं माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

"जजसाहेबांनी एकच विचारलं," मास्तर चहा बशीत ओतत म्हणाले. "वर्दी कावून घातली? मी म्हणलं, खाकी बघून लोक पळतेत असं कुणीतरी सांगितलं म्हणून घातली. ते म्हणले, कुणी सांगितलं? मी म्हणलं, साहेब, टेलरचं दुकान हाय, लई लोक येतेत जातेत. आता याद न्हाई."

पुतण्या मशीनीवर होता, तो काम थांबवून ऐकत होता. त्यानं विचारलं, "खरंच कोण होतं, चाचा?"

मी समोरच बसले होते. मास्तरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. बशी तोंडाला लावली, चहा प्याले आणि त्याला म्हणाले, "तू खांदा बघ. खांदा वाकडा चाललाय."